पिकअपच्या खालून चिर्र-चिर्र आवाज: लायनर बदलण्याआधी मोजा

प्रश्न यवतमाळकडच्या एका भाऊंचा आहे. पिकअप हळू चालली की खालून चिर्र-चिर्र आवाज येतो, चाळिशीच्या पुढे गेली की ऐकू येत नाही. मागचे लायनर (ब्रेकचं अस्तर) दोनदा बदलले, आवाज तसाच. आता मेकॅनिक म्हणतो, गाडी जुनी झाली, आवाज येणारच. कापूस भरून हिंगणघाटला न्यायची आहे, न्यावी का?

भाऊ, "गाडी जुनी झाली" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तापतं, म्हणूनच एवढं लांब लिहितोय. लोखंड वयामुळे ओरडत नाही. कुठेतरी कोरडं लोखंड लोखंडावर घासतंय आणि ती जागा सापडू शकते. तुमच्या वर्णनावरून माझं पहिलं बोट प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसकडे जातं. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या टोकाचा वाकणारा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा म्हणजे क्रॉस. पण माझ्या शब्दावर विसंबून नवा क्रॉस आणू नका, नाहीतर माझ्यात आणि दोनदा लायनर बदलणाऱ्यात फरक काय राहिला? आधी मोजा.

मोजायचं असं. १५ इंची रिमचा नेहमीचा पिकअप टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. म्हणजे ताशी ८ किलोमीटरला चाक सेकंदाला एक फेरा मारतं. तेवढ्याच वेळात शाफ्ट चार-पाच फेरे मारतो, कारण हाऊसिंगमधली (मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातली) क्राऊन-पिनियन ही दात्यांची जोडी वेग तितक्या पटीने कमी करून चाकाला देते. सगळी किल्ली इथेच आहे. सपाट सडकेवर, जमल्यास एखाद्या जिनिंगच्या भिंतीच्या कडेने, काचा खाली करून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो, स्पष्ट कळतो. एक माणूस बाजूने हळू धावत चालू द्या. सेकंदाला एकदा "चिर्र" झालं तर दोष चाकापाशी आहे: ब्रेक, ड्रम, हब. सेकंदाला चार-पाचदा किंवा त्याच्या दुप्पट झालं, तर दोष शाफ्टवर आहे आणि लायनर दहादा बदलले तरी तो जाणार नाही. तुटक चिर्र न होता सलग किणकिण किंवा शिट्टी असेल तर सेंटर बेअरिंगकडे (दोन तुकड्यांच्या शाफ्टला मधोमध धरणारं बेअरिंग) पाहा.

चाळिशीनंतर आवाज "जातो" असं तुम्ही लिहिलंय. तो जात नाही. त्या वेगाला शाफ्ट सेकंदाला वीसेक फेरे मारतो, तुटक चिरचिर एकमेकांत मिसळते आणि टायर-वाऱ्याच्या आवाजात बुडते. दोष आहे तिथेच आहे.

बाकीच्या शक्यता झटक्यात वगळता येतात. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर ओरडते? मग तो बेल्ट आहे, खाली शोधू नका. उभ्या गाडीत क्लच दाबला की आवाज सुरू होतो? रिलीज बेअरिंग. दाबल्यावर बंद आणि सोडल्यावर सुरू? गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. चालत्या गाडीत ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलतो किंवा थांबतो? पुढचे डिस्क पॅड पाहा. बऱ्याच पॅडना एक पातळ पत्र्याची जीभ असते, अस्तर दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला घासून ओरडते, ती त्यासाठीच बसवलेली असते. मागच्या ड्रमची खात्री करायची तर मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो जरा वर ओढा आणि सोडा. मात्र तुमच्या गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रमवरच काम करतो ना, हे आधी बघून घ्या. फक्त खड्ड्यात आवाज येत असेल तर पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), त्यांचे रबरी बुश किंवा शॅकल (पाटे टांगणारी कडी). आणि वावरातून निघाल्यावर अचानक सुरू झाला असेल तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. चार-पाच मीटर रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे आलात की बहुतेक वेळा पडतो.

आता शाफ्ट. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. चारही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ओंडके लावा, मगच न्यूट्रल करा. जॅकवर उचलायची असेल तर दोन्ही बाजूंना घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली जाऊ नका. काळ्या मातीत तर जॅक लावूच नका. वरून टणक दिसते आणि वजन आलं की एका बाजूने बसते.

खाली गेल्यावर पहिलं काम हात लावण्याचं नाही, पाहण्याचं. शाफ्टभोवती पऱ्हाटी, सुतळी किंवा पोत्याचा प्लास्टिक धागा गुंडाळला आहे का? हंगामात पांदणीतून आलेल्या गाडीत हे हमखास सापडतं. नायलॉनचा दोर हाऊसिंगच्या तोंडाशी गेला तर पिनियनचं ऑइल सील कापतो, मग गळती सुरू होते. मग क्रॉसच्या चारही वाट्यांच्या (दांड्यांवरच्या टोप्या, आत बेअरिंगच्या सुया असतात) तोंडाशी बॅटरी मारा. लाल, गेरूसारखी बारीक भुकटी दिसली की शोध संपला. आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या, त्याची ती भुकटी असते. त्यानंतर शाफ्ट दोन हातांनी उलटसुलट पिळा. थोडा खेळ पिनियनच्या दात्यांचा असतो, तो चालतो. क्रॉस आणि योक (क्रॉसला धरणारा काटा) यांच्यामध्ये हालचाल दिसली तर चालत नाही, कितीही कमी असली तरी.

इथे एका पिकअपची गोष्ट सविस्तर लिहितो, कारण तिच्यात सगळ्या चुका एकाच क्रॉसवर झाल्या. तुरीची पोती वाहणारी गाडी, आवाज अगदी तुमच्यासारखा. लायनर बदलून झाले, हबमध्ये ग्रीस भरून झालं. मोजणी केली तर सेकंदाला पाच. मागच्या क्रॉसच्या तीन वाट्या ग्रीसने माखलेल्या आणि चौथीपाशी लाल भुकटी. निपल (ग्रीस भरायचं तोंड) हाऊसिंगच्या बाजूला वळवून बसवलेलं होतं, ग्रीस गनचं तोंड तिथे सरळ बसतच नव्हतं. त्यामुळे दर सर्व्हिसिंगला ग्रीस निपलच्या बाहेरून लागायचं, आत जायचं नाही. बाहेरून क्रॉस तेलकट दिसायचा आणि "ग्रीसिंग झालं" असं बिलावर लिहिलं जायचं. वाटी काढली तेव्हा सुयांची भुकटी झालेली होती आणि क्रॉसच्या दांड्यावर बोटाने कळतील एवढ्या रेघा उमटल्या होत्या. रेघा पडलेल्या क्रॉसमध्ये नवं ग्रीस भरून आवाज चार दिवस थांबतो, आठव्या दिवशी परत येतो. तो बदलावाच लागतो.

नवा बसवताना पुन्हा चूक झाली. हातोडीने वाटी ठोकली, एक सुई आडवी पडून वाटीच्या तळाशी अडकली, त्यामुळे सर्क्लिप (वाटी जागेवर धरणारी कडी) खाचेत बसेना. तेव्हा सर्क्लिप कानस मारून बारीक केली. हे कधीही करू देऊ नका. सर्क्लिप बसत नाही याचा अर्थ वाटी पूर्ण आत गेलेली नाही, काढा, सुया मोजा, घट्ट ग्रीसने पुन्हा चिकटवा आणि बाकात (व्हाइसमध्ये) धरून दाबा. वरून आणखी एक: शाफ्ट खोलण्याआधी खुणा केल्या नव्हत्या. स्लायडिंग योक (शाफ्टच्या दात्यांवर मागेपुढे सरकणारा योक) चार-दोन दाते फिरून बसला आणि गाडी पन्नासच्या पुढे थरथरू लागली. फ्लँजच्या (बोल्टने जोडलेल्या चकत्यांच्या) दोन्ही बाजूंना आणि स्लायडिंग योकवर छिन्नीने किंवा पेंटने एक-एक खूण, इतकंच काम. कंपनीची बाणाची खूण असते, पण आपल्याकडच्या चिखलात ती राहत नाही.

तुमच्या मेकॅनिकला फ्लँजचे चार बोल्ट खोलून शाफ्टचं ते टोक सोडवायला सांगा. मग क्रॉस हाताने दोन्ही दिशांना वाकवून पाहा. चांगला क्रॉस जरा जड पण एकसारखा वळतो. मधेच अडकला किंवा मधोमध एखाद्या खाचेत बसल्यासारखा वाटला तर गेला. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर त्याच वेळी सेंटर बेअरिंग हाताने फिरवून बघा आणि त्याच्याभोवतीचं रबर फाटलंय का ते टॉमीने हलवून बघा. रबर फाटलं की शाफ्ट खाली लोंबतो, क्रॉसचा कोन बिघडतो आणि नवा क्रॉसही लवकर जातो. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीत आवाज वेगळा येतो तोही कोनामुळेच: वजनाने पाटे बसतात आणि हाऊसिंगचं तोंड फिरतं.

ग्रीसवर माझं मत ठाम आहे आणि त्यावरून बऱ्याच जणांशी वाद झालेला आहे. दुकानदार म्हणतात, सील्ड क्रॉस घ्या, आयुष्यभर ग्रीस नको. डांबरी हायवेवर चालणाऱ्या गाडीला घ्या. जी गाडी पावसाळ्यात पांदणीतून चालते, नाल्यातून निघते, तिला निपलवालाच क्रॉस हवा. तापलेला शाफ्ट थंड पाण्यात गेला की वाटीतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. सील्ड क्रॉसमधून ते बाहेर काढायचा मार्गच नाही. निपलवाल्यात नवं ग्रीस ते पाणी आणि घाण ढकलून बाहेर काढतं. ग्रीस लिथियमचं, ईपी-२ प्रतीचं घ्या, खुलं पातळ ग्रीस नको. चारही वाट्यांच्या तोंडातून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट फिरवून, क्रॉस वाकवून पुन्हा मारा, तरीही नाही आलं तर ती वाटी बंद झाली समजा. दर ५००० किलोमीटरला, शिवाय पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात. आणि वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने खालून धुतलीत तर धुतल्यावर ग्रीस, आधी नाही. लोक नेमकं उलट करतात. निपलचं तोंड गन पोहोचेल अशा बाजूला ठेवून क्रॉस बसवा, हे बसवणाऱ्याला तोंडाने सांगा.

पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवयही सोडा. दोन दिवस आवाज थांबतो, मग त्याच ऑइलला धूळ चिकटून पाट्यांमध्ये कानशीसारखा लेप तयार होतो, आणि ते ऑइल रबर बुशला लागलं की रबर फुगून मऊ पडतं. आवाज बुशचा आहे की नाही हे पाहायला एका वेळी एकाच बुशवर पाणी मारा आणि गाडी हलवा. थांबला तर तोच. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस घाला, रबराला सिलिकॉन स्प्रे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. ही मोजणी १५ इंची चाकाची आहे. छोट्या हत्तीसारख्या १२ इंची चाकाच्या गाडीत चाक त्याच वेगाला जास्त फिरतं, तेव्हा तिथे वेग ताशी ६ किलोमीटर धरा, म्हणजे भरभर चालण्याचा. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढच्या शाफ्टचे क्रॉसही पाहा. व्हील बेअरिंग क्वचितच चिरचिरतं. ते घुमतं आणि वळणावर आवाज बदलतो. तरीही चार-पाच किलोमीटर चालवून चारही हबजवळ हात न्या, एक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर क्रॉस बाजूला ठेवून ते आधी उघडा. आणि सील्डपेक्षा निपलवाला बरा असं म्हणालो खरं, पण ज्याला निपल आहे आणि ग्रीस कोणी मारत नाही, तो क्रॉस सील्डपेक्षा आधी जातो. गन मारणार नसाल तर दुकानदाराचं ऐका.

आता कापसाचं. शाफ्ट पिळून क्रॉसमध्ये खेळ दिसला नाही, लाल भुकटी नाही आणि गाडी थरथरत नाही, तर चारही वाट्यांत ग्रीस मारून, ताशी पन्नासच्या आत एक खेप न्या आणि परत आल्यावर क्रॉस बदला. खेळ असेल तर रिकामीसुद्धा नेऊ नका. मागचा क्रॉस सुटला तर शाफ्ट सडकेवर घासत जातो. पुढचा सुटला तर शाफ्टचं तोंड डांबरात रुतून गाडीचं मागचं अंग उचलू शकतं, आणि वर भरलेला कापूस असताना गाडी उलटायला तेवढं पुरतं. क्रॉस बदलणं एका दुपारचं काम आहे. खेप दुसऱ्या दिवशी न्या.