२००५ची मर्सिडीज ई-क्लास स्वस्तात मिळतेय. पुढचा खर्च झेपेल का?

तुम्ही विचारलंय की २००५ची ई-क्लास, म्हणजे डब्ल्यू२११, साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळतेय, तर कोणती कामं निघतात आणि खर्च किती धरायचा. मी याच पिढीच्या गाड्यांची कामं करतो, म्हणून आधी खर्चाचंच बोलतो. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. ही गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती, त्याच वर्गाच्या भावाने तिचे स्पेअर आजही येतात. त्यात आधीच्या मालकाने काय काय ढकलत नेलंय, ते तुमच्या खिशातून निघतं.

एअरमॅटिक, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनचंच घ्या. हवेच्या फुग्याच्या रबराला वयाने बारीक चिरा पडतात आणि रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. चालू केली की पाच मिनिटांत वर येते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. पण ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळत राहतो आणि शेवटी जळतो. कधी त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, चिकटतो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. एका स्ट्रटचं, म्हणजे चाकावरच्या फुग्यासकट खांबाचं, काम होतं, ते स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि रिलेचं झालं. फुग्यावर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं, त्याला मशीन लागत नाही. रीबिल्ट स्ट्रट बरेच स्वस्त पडतात आणि नीट बनवलेले असतील तर मला त्यात वावगं वाटत नाही. विकणाऱ्याला सांगा, रात्री गाडी लावल्यावर चारही चाकांच्या कमानींची उंची मोजतो आणि सकाळी पुन्हा मोजतो.

आता इंजिन. पेट्रोल आहे की डिझेल ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरा फरक तिथेच पडतो.

पेट्रोलमध्ये मॉडेल २८० किंवा ३५० असेल तर एम२७२ हे व्ही६, म्हणजे व्ही आकारात सहा सिलिंडरचं, इंजिन आहे. त्याच्या सुरुवातीच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टवरच्या (इंजिनची थरथर कमी करणाऱ्या दांड्यावरच्या) गिअरचे दात लवकर झिजतात, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, सरकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं. बिलाचा मोठा वाटा मजुरीचा असतो, कारण शाफ्टपर्यंत पोचणं हेच काम आहे. विकायच्या आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसून दिवा घालवणारे भेटतात, त्यामुळे स्कॅनर एकदा आधी आणि एकदा लांब फेरी मारून आल्यावर लावा. २४० मधलं जुनं एम११२ मात्र या दुखण्यातून सुटलेलं आहे.

डिझेलमध्ये २००५ हे बदलाचं वर्ष. जुनं एका रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर डोळे झाकून त्याला पसंती द्या. व्ही६, म्हणजे ओएम६४२ असेल, तर ऑइल कूलरचे सील बघा. हा कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसतो. मूळ सील नारिंगी रंगाचे होते, ते वयाने कडक होऊन गळतात; सुधारित सील जांभळे असतात. सील म्हणजे किरकोळ माल, पण त्यांच्यापर्यंत जायला इनटेक मॅनिफोल्ड आणि टर्बो काढावा लागतो. तेल इंजिनच्या मागच्या अंगाने ओघळून गिअरबॉक्सच्या जोडावर येतं, आणि अनेक जण क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवून बसतात. गिऱ्हाइकाला दोनदा मजुरी पडते.

ब्रेकबद्दल नीट वाचा. या वर्षाच्या गाडीत एसबीसी आहे, म्हणजे ब्रेकचा दाब इलेक्ट्रिक पंप तयार करतो. या यंत्रणेसाठी २००४ आणि २००५ मध्ये मोठे रिकॉल झाले आणि २००६च्या फेसलिफ्टला कंपनीने ती ई-क्लासमधून काढूनच टाकली. एसबीसीचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं आणि आकडा भरला की डॅशबोर्डवर इशारा देतं. तो इशारा आला तर युनिट बदलायचं, टोलवायचं नाही. आणि साधे पॅड बदलतानाही यंत्रणा आधी डायग्नोस्टिकने निष्क्रिय करावी लागते. नाहीतर नुसतं दार उघडलं तरी पंप दाब देतो आणि कॅलिपरमध्ये बोटं सापडू शकतात. ज्या मेकॅनिकला हे माहीत नाही त्याला ही गाडी देऊ नका.

पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये वायरिंगच्या कनेक्टरची ओ-रिंग (रबराची कडी) गळते आणि तेल वायरीतून चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. स्वस्त काम आहे, वेळेत केलं तर. बुश, बॉल जॉइंट, इंजिन माउंट वगैरे तर या वयात धरूनच चाला.

गाडी स्वस्त आहे म्हणून दुरुस्तीही स्वस्त पडेल असं धरू नका. घेताना तिच्या किमतीचा निम्मा तरी पैसा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल तरच पुढे जा. हा माझा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नाही. इंजिनचा नंबर आणि आधीची सर्व्हिसची बिलं मिळाली तर इथे लिहा, मग यातलं नेमकं काय तुमच्या गाडीला लागू पडतं ते सांगतो.