ट्रेलरच्या फळ्या आणि पीयूचे चोवीस हजार

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका वाहतूकदार वाचकाने विचारलंय: वीस फुटी ट्रेलर आहे, तळाच्या लाकडी फळ्या सहा वर्षांच्या. दर पावसाळ्याआधी त्यांवर गाडीतलंच जळालेलं ऑइल फासत आलो. आता एक कारागीर १६० चौरस फुटांचं पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर बसणारा चकचकीत थर) कोटिंग १५० रुपये फुटाने, म्हणजे २४,००० रुपयांत करून देतो म्हणतो. ‘पाच वर्षं बघायचं काम नाही.’ दुसरा पर्याय जवसाच्या बॉइल्ड, म्हणजे लवकर वाळणाऱ्या तेलाचा: वर्षातून दोनदा, मजुरीसकट खेपेला ३,०००. खात्यात ६० हजार आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही. पीयूचे पैसे क्रेडिट कार्डाच्या १५ टक्क्यांच्या हप्त्यांवर टाकू का?

भाऊ, हिशेबात पीयू वाटतो तेवढा महाग नाही, हे आधीच सांगून टाकतो. घासणं, दोन हात देणं आणि पक्कं वाळणं यात गाडी चार दिवस उभी राहील. डिझेल-ड्रायव्हर वजा जाता दिवसाला २,००० सुटतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे आणखी ८,००० धरून खरा खर्च ३२,०००. पाच वर्षं टिकला तर वर्षाला ६,४००. तेलाचे वर्षाला ६,००० आणि दोन दिवसांची खोटी ४,०००, मिळून १०,०००. पीयू सव्वातीन वर्षं टिकला की पैसे वसूल.

अडतं ते ‘टिकला की’ पाशीच. पीयू लाकडाला धरून राहतो तो कोरड्या, तेलकटपणा नसलेल्या पृष्ठभागावर. तुमच्या फळ्या सहा वर्षं जळालेलं ऑइल प्यायल्या आहेत. वरून कितीही घासा, मेच्या ऊन्हात ते पुन्हा वर येतं. त्यातून बुटीबोरीच्या खेपेला सळ्या नि मशीनचे पाय त्यावरून ओढले जाणार. एक ओरखडा पडला की पाणी आत शिरतं, वरच्या थरामुळे लवकर बाहेर पडत नाही, आणि फळी खालून कुजते. वरून मात्र चकचकीत.

माझ्या शब्दावर जाऊ नका. मागच्या बाजूच्या एका फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मोत्यासारखे उभे राहिले तर लाकूड अजून तेलकट आहे. तरीही मन पीयूकडेच ओढत असेल तर कारागिराला फूटभर तुकडा करून दाखवायला सांगा. आठ दिवसांनी त्यावर ब्लेडने बारीक चौकटी मारा, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीसोबत कोटिंग आलं तर तुमचे २४ हजार वाचले. कारागीर तुकडा करायला कांकू करत असेल, तर तेही उत्तरच.

कार्डाचं तर नकोच. १५ टक्क्यांनी बारा हप्त्यांत सुमारे २,००० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण २,३५०. प्रोसेसिंग फी वेगळी. तेलाची एक खेप जवळपास त्यातच होते. आणि ‘बिल दाखवलं की टॅक्स वाचतो’ हे कोणी सांगितलं असेल तर आधी सीएला विचारा. गाड्यांच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत, ज्याला सगळे ४४-एई म्हणतात, १२ टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनामागे महिना १,००० रुपये धरतात. तिथे या बिलाची वेगळी वजावट मिळत नाही.

तेव्हा तेल घ्या, पण खेपा आडव्या दिवशी पाडा. दिवाळीत गाडी तशीही उभीच असते, पाऊसही संपलेला असतो. दुसरी खेप मे अखेरीस, लोड नसेल त्या दिवशी सकाळी लवकर. खोटी गेली की वर्षाचा खर्च ६,००० वर येतो, आणि मग पीयूला पाच वर्षांहून जास्त टिकावं लागतं. आधी तळ डिटर्जंटने घासून दोन-तीन दिवस कडक वाळवा. ऑइलचे डाग जिथे खोल आहेत तिथे तेल कमी मुरेल, पावसाळ्यात काळी बुरशीही दिसेल. पण इथे सोलून निघणारा थरच नसतो. तेल रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्डच घ्या. चटणीवर घालतो ते घाण्याचं तेल वाळायला फार वेळ घेतं आणि चिकट राहतं. जळालेलं ऑइल मात्र कायमचं बंद. त्याच तळावर तुम्ही कळमन्याला संत्री नेता.

साठ हजार टायरसाठी तसेच राहू द्या. स्क्रूड्रायव्हर सहज आत जाईल अशा फळ्या बदलायच्या झाल्याच, तर त्या नव्या, कोऱ्या फळ्यांना बसवण्याआधी पीयू द्या: दोन्ही बाजूंना, आणि कापलेल्या टोकांना जास्त. तिथे मी तुम्हाला अडवणार नाही.

तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना आपोआप तापतं, ढीग पेट घेऊ शकतो. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.