आवाज सुरू होताच रीबूट: डिस्क पुसण्याची घाई करू नये

साताऱ्याहून आपण लिहिले आहे की, काही वेळ शांत असलेल्या संगणकावर गाणे लावताच तो कोणताही संदेश न देता रीबूट होतो, आणि आता आपण लिनक्स नव्याने टाकणार आहात. कृपया तूर्त तसे करू नये. सांगलीत माझ्या डेस्कटॉपला हाच विकार जडला होता, तेव्हा मी तीन वेळा डिस्क पुसली आणि प्रत्येक वेळी दोषाचा माग माझ्याच हाताने पुसला गेला. मधल्या काळात एका दुरुस्ती केंद्राने यंत्र आठ दिवस ठेवून घेतले, एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा भाग) बदलला आणि 'लिनक्स काढून टाका' असे सांगून बिल हाती ठेवले. त्या आठ दिवसांत कोणी एकदाही आवाज लावून पाहिला नव्हता, याचा राग आजही येतो.

पाइपवायर किंवा पल्सऑडिओ हे लिनक्समध्ये आवाज हाताळणारे प्रोग्राम बंद पडले तर साधारणपणे केवळ आवाज जातो, यंत्र रीबूट होत नाही. म्हणून संशय कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातील, ड्रायव्हरवर किंवा हार्डवेअरवर घ्यावा. मागच्या बूटच्या, म्हणजे रीबूटपूर्वीच्या, नोंदी 'जर्नलसीटीएल -बी -१' या आज्ञेने दिसतात, पण 'व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी नसेल तर त्या रीबूटबरोबर नष्ट होतात. माझ्याकडे ती नव्हती आणि हे मला फार उशिरा कळले. ती तयार केल्यावर पाहिले, तर नोंदी एका साध्या ओळीवर तुटलेल्या होत्या, पॅनिकचा, म्हणजे कर्नल कोलमडल्याच्या नोंदीचा, उल्लेखही नव्हता.

खूण मात्र कानाला आधीच मिळाली होती: रीबूटच्या क्षणभर आधी स्पीकरमध्ये 'टक्' असा आवाज येई. शांततेत झोपवलेली ध्वनिचिप जागी होताना तसा आवाज येऊ शकतो. 'एसएनडी_एचडीए_इंटेल' या ड्रायव्हरचे 'पॉवर_सेव्ह' हे मूल्य मी ० केले, म्हणजे चिपला झोपवणे बंद केले, आणि रीबूट थांबले. 'ईटीसी/मॉडप्रोब.डी' या डिरेक्टरीतील, नावाच्या शेवटी '.कॉन्फ' असलेल्या फाइलीत 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' ही ओळ, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, लिहिल्यास ते कायम राहते. एचडीएमआयचा, म्हणजे मॉनिटर किंवा टीव्हीच्या केबलमधून जाणारा, आवाजही बहुधा हाच ड्रायव्हर हाताळतो, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्याकडेही कारण हेच असेल, अशी हमी मी देत नाही. उष्णता, सदोष रॅम किंवा खरोखरच दुबळा एसएमपीएसही असू शकतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डेस्कटॉपवर 'पॉवर_सेव्ह'च्या बदलाने विजेचा खर्च जाणवत नाही. लॅपटॉप असल्यास बॅटरी थोडी लवकर उतरेल.