मोसमी पाऊस कधी सुरू होईल हे आधी ओळखून सोयाबीनची पेरणी कधी करावी?

मोसमी पावसाच्या आगमनाची तारीख पाहून पेरणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १० मेनंतर केरळ, लक्षद्वीप आणि मंगळुरू येथील ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला आणि वारे व ढगही अनुकूल असले, की हवामान विभाग केरळातील आगमन जाहीर करतो. लातूर जिल्ह्यातल्या माझ्या कोरडवाहू शेतात किती ओल आहे, हे त्यावरून कसे कळणार?

२०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, जिथे त्याची सरासरी तारीख ११ जून आहे. आमचे शिवार वळवाच्या पावसाने आधीच भिजलेले होते. वाफसाही (पेरण्याजोगी ओल) आला आणि मोसमी पाऊसही आला, आता कोणाची वाट पाहायची, असे म्हणून माझ्या थोरल्या दिरांनी तिफण जुंपली आणि माझ्याही वाट्याची पेरणी उरकून टाकण्याचा आग्रह धरला. मी नकार दिला, कारण कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे सांगतो, तेव्हा त्यात पुढेही पाऊस टिकेल हे गृहीत असते, आणि वळवाच्या ओलीला तसा भरवसा नसतो. मेअखेरीस वाऱ्यांची वाटचाल थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. उन्हाने वरचा थर कडक झाला, भाऊजींचे उगवलेले सोयाबीन करपले आणि त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली. मी सरळ कडांचा पत्र्याचा डबा झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवून रोज सकाळी त्यातले पाणी पट्टीने मोजत होते. जूनचा पाऊस पुरेसा भरला, वीतभर खोल ओल लागली आणि पुढच्या पाच दिवसांचा अंदाजही पावसाचा होता, तेव्हाच मी पेरले.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत दोघांचेही पीक पाण्यात गेले, त्यामुळे लवकर काय आणि उशिरा काय, सगळे सारखेच, असे भाऊजी आजही चारचौघांत म्हणतात. हे मला मुळीच मान्य नाही. बियाणे, खत आणि ट्रॅक्टरचे भाडे त्यांना दोनदा भरावे लागले, मला एकदाच. पुराने हा फरक पुसला जात नाही. आणि घरातील बाईने डब्यात मोजलेला पाऊस हा पंचांगातल्या मृगाइतकाच विचारात घेण्याजोगा असतो, हेही त्यांनी मान्य करायला हवे.

तरीही काही मर्यादा सांगायला हव्यात. कोकणातील भाताची धूळवाफेवरची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत केलेली पेरणी आणि ठिबकवरचा कापूस यांना हा हिशेब लागू होत नाही. हलक्या मुरमाड जमिनीत ओल लवकर उडते, म्हणून तिथे पावसाच्या सातत्याकडे अधिक लक्ष द्यावे. मूग आणि उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापलीकडे लांबवू नयेत. सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत थांबता येते, त्यानंतर तूर किंवा बाजरीचा विचार करावा.