गेट ते पोर्च काय घालावं? आधी खालची काळी माती बघा

ताई, तुम्ही विचारलंय की इंदूरजवळच्या राऊकडच्या नव्या घराला गेटपासून पोर्चपर्यंतच्या तीस फुटांत स्टॅम्प काँक्रीट (ओल्या काँक्रीटवर साच्याने नक्षी उठवलेलं) घालावं, पार्किंग टाइल की कोटा फरशी. दोन गाड्या आहेत, घरात वयस्कर सासूबाई आहेत, आणि दिसायलाही छान हवं. मी उत्तर देतो, पण त्याआधी एक सांगा: मे महिन्यात तुमच्या प्लॉटवर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात का? पडत असतील तर वरच्या फरशीची निवड नंतरची, खर्चाचा पहिला पैसा खाली जायला हवा.

आपली माळव्याची काळी माती पाऊस पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. घराचा पाया खोल असतो म्हणून घर निभावतं. ड्राइव्हवे मात्र मातीवर नुसता पसरलेला असतो, तो तिच्याबरोबर वरखाली होतो. आमच्या घरी पहिल्यांदा ठेकेदाराने काळ्या मातीवर थोडी गिट्टी टाकली, पातळ कोबा केला आणि वर सुंदर पार्किंग टाइल लावल्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतर चाकांच्या दोन्ही रेषांत टाइल तडकल्या. उखडून बघितलं तर खालचा कोबाच तुटला होता, आणि बऱ्याच टाइलखाली सिमेंटचा मसाला चारही कोपऱ्यांपर्यंत पोचलेलाच नव्हता. टाइलवर बोटाने ठोकून पोकळ आवाज आला की समजावं, चाकाखाली ती फुटणार.

दुसऱ्या वेळी मी दीड फूट काळी माती काढून टाकली. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे माती दाबायच्या यंत्राने, दाबून भरला. नुसतं पायाने तुडवून किंवा धुम्मस मारून भागत नाही. वर गिट्टी आणि दगडाच्या चुरीचा सहा इंचांचा थर, आणि उतार पन्नास फुटांना एक फूट, घरापासून बाहेरच्या बाजूला. तुमच्या तीस फुटांत म्हणजे सात-सव्वासात इंच. भिंतीलगत पाणी थांबलं तर तिथली माती जास्त फुगते, म्हणून हा उतार सोडू नका.

आता वरचं. तुमच्या जागी मी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घालीन. कारण साधं आहे: माती थोडी हललीच तर ब्लॉकचा थर तिच्याबरोबर थोडा वाकतो, तडकत नाही, आणि एखादी जागा बसली तर तेवढेच ब्लॉक काढून, खालची वाळू सारखी करून तेच परत बसवता येतात. काँक्रीटला ही सोय नाही. ब्लॉकसाठी भारतीय मानक आयएस १५६५८ आहे; हलक्या वाहनांना ६० मिलीमीटर जाडी आणि एम-३५ ग्रेड (काँक्रीटच्या मजबुतीची श्रेणी) चालते. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो. ५,००० लिटरच्या टँकरमध्ये पाणीच पाच टन. तो गेटच्या आत येणार असेल तर ८० मिलीमीटरच घ्या. मांडणी हेरिंगबोन सांगा, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात, आडवे-उभे; कारागिरांना हा शब्द कळतो. सरळ ओळीत लावलेले ब्लॉक स्टिअरिंग वळवताना सरकतात, या मांडणीत ते एकमेकांना धरून ठेवतात. कडेला कर्ब स्टोन (कडेचे ठोकळे) काँक्रीटमध्ये पक्के बसवून घ्या, नाहीतर सगळा थर हळूहळू बाहेर पसरतो. सांध्यांत कोरडी बारीक वाळू भरा, सिमेंट भरू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यानंतर वाळू एकदा पुन्हा भरावी लागते. मुंग्याही ती बाहेर काढतात.

स्टॅम्प काँक्रीट दिसतं खरंच देखणं. आवडलंच असेल तर पाच इंच जाडी, दर दहा फुटांवर सव्वा इंच खोल खाच, घराच्या भिंतीशी फटीत फोम, आणि किमान सात दिवस पाणी. खाचा न पाडणाऱ्याला काम देऊ नका. काँक्रीट आकसताना तडकणारच, ते कुठे तडकावं एवढंच आपल्या हातात असतं. त्याचं सीलर, म्हणजे वरचा संरक्षक लेप, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, आणि गुळगुळीत सीलर पावसात घसरतं. सासूबाईंसाठी मला ते पटत नाही.

कोटा मला मनापासून आवडतो, पण पॉलिशचा नको. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की चालणं जोखमीचं. खरखरीत, दीड इंची घेतला तर चालेल, मात्र खाली चार इंच काँक्रीट लागेलच. आणि तो चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे तेजाबाने कधीही धुऊ नका, पृष्ठभाग खाल्ला जातो. लाल मंदसौरी किंवा इतर वाळूचा दगड पाणी पितो. आपल्याकडची रंगपंचमी तुम्हाला माहीतच आहे. सील न केलेल्या अशा दगडावर पडलेला गुलाबी रंग आमच्या शेजाऱ्यांकडे दिवाळीपर्यंत दिसत होता.

डांबर मी विचारातच घेत नाही. मेच्या उन्हात ते मऊ पडतं आणि पेट्रोल-डिझेल गळलं तर विरघळतं.

दिसण्याबद्दल एक गोष्ट सुचवतो. सगळीकडे एकच रंग नको. चाकांच्या जागेत राखाडी ब्लॉक आणि दोन्ही कडांना काळ्या दगडाच्या चार इंची चौकोनी ठोकळ्यांची पट्टी, हा आपल्याच मातीतला दगड, कित्येक वर्षं टिकतो. आणि पोर्चसमोर तीन फूट गुळगुळीत कोटा ठेवा, गाडीच्या वाटेबाहेर, वर छत असेल तिथे. खरखरीत ब्लॉकवर रांगोळीची रेघ नीट उमटत नाही, हे आमच्याकडे ब्लॉक बसल्यावरच लक्षात आलं. नंतर उकरून ती पट्टी घातली.

घाई नसेल तर मुरूम-गिट्टीचं काम जूनआधी उरकून घ्या आणि एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. गाड्या तशाच त्यावर उभ्या करा. जिथे खड्डा पडेल तिथे ऑक्टोबरमध्ये भरून, दाबून, मगच ब्लॉक लावा. काळ्या मातीच्या भेगांचा फोटो टाकलात तर किती खोल खणावं ते आणखी नेमकं सांगू शकेन.