कर्ता कुठे गेला?

प्रिय,

तुझ्या बातमीचा मजकूर काल रात्री दोनदा वाचला. कोकणातल्या त्या वाडीवर तू दोन दिवस राहिलीस, गावाने वाळीत टाकलेल्या त्या घरात जेवलीस, हे वाचताना जाणवतं. गिरणीवाल्याने त्यांचं दळण घेणं बंद केलं, शिमग्याची पालखी त्यांचं दार टाळून पुढे गेली, म्हातारा वारला तेव्हा खांदा द्यायला मुंबईहून पुतणे येईपर्यंत थांबावं लागलं, हे सगळं तू विचारून, खात्री करून लिहिलं आहेस. त्यातल्या एका ओळीलाही मी हात लावणार नाही. पण मथळा आहे 'बहिष्कृत कुटुंबाची व्यथा', आणि मजकुरात 'बहिष्कृत' हा शब्द मी अकरा वेळा मोजला. आज फक्त त्याबद्दल लिहितो.

शाळेतलं कर्तरी-कर्मणी आठव. बहिष्कृत, परित्यक्ता, विस्थापित, निर्वासित, उपेक्षित, तिरस्कृत. हे सगळे शब्द एकाच साच्यातले आहेत. क्रिया होऊन गेली आहे आणि जिच्यावर झाली ती व्यक्ती आपल्यासमोर उभी आहे. करणारा मात्र शब्दात कुठेच नाही. बहिष्कृत म्हणजे बाहेर केलेला. कुणी केलेला? शब्द सांगत नाही, आणि वाचणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. हळूहळू तो त्या माणसाचा गुणच होऊन बसतो, उंच किंवा सावळा असावा तसा.

आता त्या घरातली माणसं काय म्हणाली ते तुझ्याच वहीत बघ. "गावानं आम्हाला वाळीत टाकलंय." गावानं. बोलणारा माणूस तो 'नं' सोडत नाही. धरणात घर गेलेला माणूस स्वतःला विस्थापित म्हणत नाही, "सरकारनं आम्हाला उठवलं" म्हणतो. माहेरी परत आलेली बाई "नवऱ्यानं टाकलं" म्हणते. ज्याच्यावर गुदरलं त्याच्या वाक्यात कर्ता असतो. आपण कार्यालयात बसून त्या वाक्याची प्रमाण मराठी करतो आणि तेवढ्यात कर्ता सुटून जातो. आपल्याला वाटतं, भाषा सुधारली.

मीही हे वर्षानुवर्षं केलं. जिल्हा पानावर असताना एका बाईंच्या खानावळीची छोटी बातमी आली होती. मी मथळा दिला, 'परित्यक्तेने उभारली खानावळ'. कौतुकच केलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई कात्रण घेऊन आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मला कुणी टाकलं नाही. तो मारायचा, म्हणून पोरं घेऊन मी निघाले. रात्री अकराला निघाले, पायी. तुम्ही लिहिलंत त्यानं टाकलं. म्हणजे निघालेसुद्धा मी नाहीच का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, चार ओळींची, आतल्या पानावर. मथळा मात्र तीन कॉलमी होता. त्या बाईंचं देणं मी अजून फेडतो आहे, आणि हे पत्रही त्यातलंच आहे असं समज.

पण यावरून 'परित्यक्ता' हा शब्दच टाकाऊ आहे असं ठरवू नकोस. 1980 च्या दशकात संगमनेरच्या कार्यकर्त्यांनी नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना एकत्र केलं, तेव्हा याच शब्दाला धार होती. विधवेला समाजात, सरकारी कागदावर निदान एक नाव होतं. नवरा जिवंत असून एकटी पडलेली बाई कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर त्याच्या नावावर. मागणी करायची तर आधी आपण कोण आहोत हे सांगावं लागतं, ते सांगायला त्या शब्दाने मदत केली. नंतर 'एकल महिला' हा शब्द आला. त्यात स्वतः निघालेली बाईही मावते, म्हणून मला तो जास्त मोकळा वाटतो. फक्त त्यात नवरा पुरताच गायब आहे, हे विसरू नकोस.

आणि 'बहिष्कृत' तर तू ज्याच्या हाती पाहायला हवास, तो हात बाबासाहेबांचा. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभा. मग 1927 च्या 20 मार्चला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि बरोबर दोन आठवड्यांनी, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' या वृत्तपत्राचा पहिला अंक काढला. शब्द तोच, पण उच्चारणारा बदलला. ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनीच तो पत्राच्या माथ्यावर छापला, तेव्हा बाहेर ठेवणाऱ्याला आरशासमोर उभं राहावं लागलं. 'दलित' शब्दाचंही तसंच. दळलेला, चिरडलेला. तो अभिमानाने स्वतःसाठी वापरला गेला तेव्हा कुणी चिरडलं हा प्रश्न त्याच्यासोबतच आला. 'वंचित' आपण आता 'ज्याला मिळालं नाही तो' एवढ्याच अर्थाने लिहितो, पण मूळ धातूचा अर्थ फसवणं आहे. वंचित म्हणजे फसवलेला. हे एकदा कळलं की 'योजनेपासून वंचित लाभार्थी' असं सवयीने लिहिताना हात थांबतो.

म्हणून शब्दांची बरी-वाईट यादी तू मागितलीस तरी मी देणार नाही. कोण म्हणतंय, कुणाबद्दल म्हणतंय, एवढं बघ.

नाव बदलून काय होतं आणि काय होत नाही, याची दोन उदाहरणं आपल्याच राज्यात, वर्षभराच्या अंतराने घडली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. ठरावातली क्रियापदं बघ. पुसणं, तोडणं, फोडणं, काढणं. बाईला बाहेर काढणारे हात नेमके काय करतात ते गावाने ओळखलं आणि ते हात थांबवायचं ठरवलं. 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्याकडून 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणावं अशी सूचना पुढे आली आणि त्यावर टीका झाली. आमच्या पिढीच्या जुन्या लग्नपत्रिका कधी हाती आल्या तर बघ, विधवा आजीच्या नावामागे 'गं. भा.' असायचं. आदराचंच होतं ते. तिला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं, इतकंच.

उलट बाबा आमट्यांनी 1949 मध्ये वरोऱ्याला काढलेल्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती. 'महारोगी' आज आपण छापणार नाही, कुष्ठरुग्ण लिहू. पण त्या संस्थेने लोकांना घर, शेती, हाताला काम दिलं. आणि कायद्याने मात्र जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणं थांबवलं ते 2019 साली! तोवर टाकायची मुभा कायद्यातच होती.

थोडं विषयांतर, पण तू आता गुन्हे वार्ताही करणार आहेस म्हणून सांगतो. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापुरात तारांचं कुंपण घालून त्यांना सेटलमेंटमध्ये कोंडलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, म्हणून ते विमुक्त. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये आजही आरोपीच्या जमातीचं नाव येऊ शकतं. ते खोड. दुसऱ्या आरोपीची जात तू मथळ्यात लिहितेस का?

आता तुझ्या बातमीकडे. मला त्यात माणसं हवी आहेत, बाहेर घालवलेली तर आहेतच, घालवणारीही. बैठक कुठे झाली, कुणी बोलावली, दंड किती ठरला, त्या घराशी बोलेल त्यालाही दंड असं कुणी जाहीर केलं? राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2016 मध्ये मंजूर झाला, 2017 पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझ्या मजकुरात त्याचा उल्लेख नाही. तक्रार दिली होती का, दिली असेल तर पोलिसांनी काय नोंदवून घेतलं, हे विचार. नावं छापण्याआधी प्रत्येकाची बाजू घ्यायची आणि वकिलांना मजकूर दाखवायचा, हे तुला माहीत आहे.

आणि मजकुरातला भूतकाळ काढून टाक. 'वाळीत टाकण्यात आले' असं लिहिलंस की ते एका दिवशी होऊन संपलं असं वाटतं. ते रोज सकाळी नव्याने होतं. गिरणीवाला रोज मान वळवतो. निर्वासित होणंही असंच एका दिवसात संपत नाही. उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची नातवंडंही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' म्हणतात, त्यांचा जन्म मात्र इथलाच.

गुरुवारपर्यंत पान थांबवतो. तू पुन्हा जा. त्या घरातल्या सुनेचं एकही वाक्य तुझ्या मजकुरात नाही, सगळं सासरे आणि दीर बोलले आहेत. तिला एकटीला भेट, तुमच्याबद्दल लिहिताना काय म्हणू, हे तिलाच विचार. आणि येताना त्या गिरणीवर थांब. तो चांगला माणूस आहे असं तूच लिहिलं आहेस, पूर्वी त्यांचं दळण उधारीवर द्यायचा. त्याला विचार, पहिल्या दिवशी डबा परत करताना तो काय बोलला.

तुझा,
सर