घाम खारट, कफ चिकट, दोष एकच

प्रश्न: भाचीच्या चार महिन्यांच्या मुलीच्या घामात क्लोराइड ९२ निघालं. जनुकीय अहवालात ‘सीएफटीआर, एफ५०८डेल, दोन्ही प्रतींत’ असं आहे. डॉक्टर म्हणाले, प्रथिन तयार होतं, पण जागेवर पोचत नाही. ते कसं? आणि एकाच दोषाने घाम खारट नि कफ चिकट कसा होतो?

उत्तर: हा आजार म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. दुसरा प्रश्न आधी घेऊ, प्रथिनाचं काम त्यातच उलगडतं. सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर हे जनुक पेशीच्या पटलात बसणारं, १४८० अमिनो आम्लांचं क्लोराइडचं दार घडवतं. घर्मग्रंथीच्या तळाशी घाम जवळपास रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो वर येताना नळीच्या पेशी या दारातून क्लोराइड आत ओढतात, सोडियमही आत जातं. दार नसलं की मीठ घामातच राहतं. फुप्फुसात मात्र पेशी क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडतात नि पाणी त्यामागे येतं. ते थांबलं की कफ घट्ट होऊन चिकटतो आणि जंतू तिथेच मुक्काम ठोकतात.

आता पोचण्याचं. एफ५०८डेल म्हणजे जनुकातली तीनच अक्षरं गळाली, म्हणून ५०८व्या जागचं फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल नाही. बाकी साखळी शाबूत, पण तिची घडी नीट बसत नाही. अशा साखळीला आंतर्द्रव्य जालिकेतच, म्हणजे प्रथिनं घडतात त्या पेशीतल्या जाळ्यातच, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘मोडीत काढा’ अशी खूण लागते आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं मोडयंत्र तिचे तुकडे करतं. प्रयोगशाळेत पेशी २७ अंश सेल्सिअसला ठेवल्या, तर यातली काही प्रथिनं पटलापर्यंत पोचतात! म्हणजे घडी सावरणं शक्य आहे. एलेक्साकॅफ्टर आणि टेझाकॅफ्टर ही औषधं हेच करतात. पोचलेलं दारही पुरेसं उघडत नाही, म्हणून जोडीला ते उघडणारं आयव्हाकॅफ्टर लागतं. जनुक तसंच राहतं. गोळ्या थांबल्या की परिणाम ओसरतो. कोणतं औषध कोणत्या वयापासून, हे तज्ज्ञांनाच विचारा.

घामाच्या तपासणीत क्लोराइडचा ६० मिलिमोल प्रतिलिटर किंवा जास्त आकडा आजाराकडे बोट दाखवतो, ३० ते ५९ संदिग्ध. घाम गोळा करायच्या गुंडाळीच्या नळीत ३० मिनिटांत निदान १५ मायक्रोलिटर घाम हवा. कमी पडला म्हणून दोन हातांचा घाम एकत्र करायचा नाही. नमुना सुकला तर आकडा खोटा वाढतो.

आईवडिलांचीही जनुकतपासणी करून घ्या. बाळाच्या एका प्रतीत जनुकाचा तो सगळा भागच गहाळ असेल, तर तपासणीत दुसरीच प्रत वाचली जाते आणि तरी अहवालात ‘दोन्ही प्रतींत’ असं दिसू शकतं. उन्हाळ्यात बाळाचं मीठ झपाट्याने घटतं. बाळ मलूल झालं, दूध घेईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रक्तातलं सोडियम तपासा.